पायगुण

ड्रेनोवो, ६ ऑक्टोबर

कामेन,

'प्रिय' लिहिणार होते, पण हात वळला नाही. हे पत्र वार्नाला तुझ्या जहाज कंपनीच्या ऑफिसात पाठवतेय. तिथली मुलगी म्हणाली, पुढच्या बंदरात तुझ्या हातात पडेल. फोन करणार नाही. फोनवर तुला नको तो विषय निघाला की नेमकी रेंज जाते. कागदाला रेंज लागत नाही.

बायको आणलीस, तिची मुलगी आणलीस, तळमजल्यावर दोन खाटा टाकल्यास, गल्लीभर राकिया पाजलीस आणि बॅग उचलून जहाजावर चालता झालास. जाताना काय म्हणालास आठवतं? "अक्का, त्यांना जरा सांभाळ." जरा! लोक शेजाऱ्याकडे मांजर ठेवून जातात तेव्हासुद्धा ते काय खातं ते सांगून जातात.

तर ऐक, काय खातात ते. तुझी मारिविक भात खाते. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. तांदूळ मिरचीत भरायचा असतो नाहीतर दुधात शिजवायचा असतो, हे तिला फिलिपिन्समध्ये कुणी शिकवलं नाही. परवा तिनं भाताबरोबर सुकी मासळी तळली. वास जिन्यानं माझ्याकडे वर आला, तिथून कुंपण ओलांडून स्तोइनाआजीकडे गेला. आजी ओरडली, "नेदेल्का, कोण मेलं गं तुमच्या खालच्या मजल्यावर?" नव्वदीची बाई, दात नाहीत, कान नाहीत, पण नाक शाबूत.

आणि ती पोरगी, क्रिसेल. नऊ वर्षांची म्हणतोस, सहाची दिसते. पहिल्या दिवशी तिनं माझा हात धरला आणि कपाळाकडे न्यायला लागली. मला वाटलं चावते की काय. हात काढून घेतला. नंतर कळलं, मोठ्या माणसांचा मान ठेवायची ती त्यांची रीत आहे. असेल. हात माझा आहे.

आई जाताना तळमजला तुझ्या नावावर करून गेली, वरचा माझ्या. तुझ्या मजल्यावर तू हत्ती बांध, मी बोलणार नाही. पण हत्तीला चारा घालायला मी नाही. ये आणि तुझी माणसं घेऊन जा.

नेदेल्का

ड्रेनोवो, १९ नोव्हेंबर

कामेन,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. समुद्र छान दिसतोय. आमच्याकडे डॅन्यूबवरून असा वारा सुटलाय की कोंबड्या खुराड्यातून बाहेर यायला तयार नाहीत. तुझी बायको तर त्याहून नाही. सगळे स्वेटर एकावर एक घालून शेगडीला चिकटून बसते आणि माझं अर्धं सरपण जाळते. मी खाली गेले. म्हटलं, "जंगल तुझ्या बापाचं आहे का?"

तिला आपली भाषा येत नाही, पोरीला शाळेतून थोडी यायला लागलीय. मारिविक उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून, बोट नाचवून, डोळे मोठे करून बराच वेळ बोलली. मग पोरगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आई म्हणते, धन्यवाद."

मी काही मूर्ख नाही, कामेन.

पोरगी शाळेत जाताना फाटकावर चिकटवलेल्या आईच्या श्रद्धांजलीच्या फोटोला रोज 'शुभ सकाळ' म्हणते. आई जाऊन सहा महिने झाले तेव्हा लावलेला तो कागद, पावसानं आईची हनुवटी गेलीय. तिला सांगितलं, ती मेलीय, तिला ऐकू येत नाही. म्हणते, "पण ती बघते." शाळेत तिला धरून सगळी मिळून सात मुलं आहेत, तिच्यामुळे शाळा बंद पडता पडता वाचली, म्हणून मास्तरीणबाई तिला डोक्यावर घेऊन नाचतात. मी नाचत नाही. गुडघे दुखतात.

जानेवारीत सुट्टी मिळेल म्हणतोस. ये आणि घेऊन जा. दुसऱ्यांदा लिहितेय.

नेदेल्का

ड्रेनोवो, २१ डिसेंबर

कामेन,

आमचं पुढचं वर्ष बुडालं तर त्याला तू जबाबदार. आधीच लिहून ठेवते.

काल संत इग्नातचा दिवस होता. समुद्रावर माणूस काय काय विसरतो कोण जाणे, पण एवढं तरी विसरला नसशील. त्या सकाळी घरात ज्याचं पाऊल पहिलं पडेल त्याच्या पायगुणावर अख्खं वर्ष जातं. कोणी यायचं ते आई आठ दिवस आधी ठरवायची. आणि त्या दिवशी घरातून काही बाहेर द्यायचं नाही, विस्तव नाही, चिमूटभर मीठ नाही. एकदा तू चेंडू कुंपणाबाहेर टाकलास तर आईनं तुला उलथन्यानं बडवलं होतं.

गेल्या वर्षी स्तोइनाआजीच्या जावयाचं पाऊल घेतलं आणि महिन्याभरात आई गेली. म्हणून यंदा मेतोदी पोस्टमनला सांगून ठेवलं होतं. त्याच्याकडे सगळ्यांना जुळी होतात, शेळ्यांनाही आणि बायकोलाही.

उजाडता उजाडता जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मी केस विंचरून, अक्रोडांची ताटली घेऊन दार उघडलं. तुझी क्रिसेल! पायात रबरी चपला, केसांत बर्फ, कवेत सरपण. आईनं तिला लाकडं आणायला पाठवलं होतं. जन्मात पहिल्यांदा बर्फ पडताना दिसला, तर कुणाला तरी सांगायला हवं म्हणून ती जिना चढून सरळ माझ्या घरात. दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत.

मी किंचाळले, "बाहेर हो!" आणि लगेच, "थांब! बाहेर जाऊ नकोस!" कारण पडलेलं पाऊल हाकलणं त्याहून वाईट, ते तुलाही माहीत आहे. ती एक पाय वर धरून उभी.

"आत येऊ की बाहेर जाऊ, आत्या?"

"मी तुझी आत्या नाही. ये आत."

मग काय करणार? जे करायचं ते केलं. लाकूड शेगडीत टाकायला लावलं, विस्तव ढवळायला लावला. म्हटलं, "म्हण, जितक्या ठिणग्या तितकी पिल्लं, तितकी कोकरं, तितकी माणसं, तितका मध." तिला एवढं कुठलं यायला. ती म्हणाली, "जितक्या ठिणग्या तितकं सगळं."

तिला शेगडीपुढच्या स्टुलावर बसवलं, मांडीवर अक्रोड ओतले आणि दरडावलं, "पहिलं पाऊल गप्प बसलं तर कोंबड्या अंड्यांवर नीट बसतात. हलायचं नाही." आणि मेतोदीला येऊ नको म्हणून सांगायला धावले. वाटेत स्तोइनाआजीनं पकडलं, तिचं रडगाणं ऐकावं लागलं, मग मेतोदी रुसला, त्याची समजूत घालण्यात दुपार झाली.

परत आले तर शेगडी विझलेली आणि पोरगी स्टुलावर. तशीच. केसांतला बर्फ वितळून पाठ भिजलेली, ओठ निळे, अक्रोड एकही खाल्लेला नाही. दाराबाहेर मारिविक थंडीत उभी. पोरीनं तिला आत येऊ दिलं नव्हतं. "आई, आज फक्त मी यायचं," म्हणाली म्हणे. आणि ही उंबऱ्यावर थांबून होती, कारण आपल्या घरच्या देवाधर्मात पाय घालायचा नाही एवढी अक्कल तिला आहे.

"हलू नकोस म्हणाली होतीस," पोरगी म्हणाली.

मारिविकनं तिला माझ्यादेखत उचलून नेलं. तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते समजायला दुभाषा लागत नाही.

पोरीला ताप नाही. मी रात्री खाली जाऊन हात लावून पाहिलं. म्हणजे दार उघडंच होतं.

नेदेल्का

ड्रेनोवो, ३ मार्च

कामेनसाहेब,

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. कंत्राट वाढवलंस असं तुझ्या बायकोकडून कळलं. तिला तू फोन करतोस हे बरं आहे, पण ती फोन ठेवल्यावर भांडी जरा जास्तच घासते.

मला कुणी सांगण्याआधी मीच सांगते, माझा घसा धरला होता. बाकी काही नाही. विदिनच्या डॉक्टरानं उगाच फुफ्फुसाचं नाव काढलं, त्यांना मोठी नावं घ्यायची हौस असते. तुझ्या बायकोनं मला न विचारता माझ्या खाटेशेजारी गादी टाकली आणि पडून राहिली. रात्री खोकले की दिवा लागायचा. माणसाला स्वतःच्या घरात खोकायचीही चोरी. आणि पेज! आलं आणि लसूण घातलेली भाताची पेज, सकाळ-संध्याकाळ. गिळली, कारण चमचा तिच्या हातात होता आणि माझ्या हातात उचलायची ताकद नव्हती. घसा धरला की हात दुखतात.

आता मी बरी आहे आणि तिला खाली जायला सांगितलंय. गेली. गादी मात्र इथेच विसरली.

ये आणि घेऊन जा.

नेदेल्का

ड्रेनोवो, २८ मे

कामेन,

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. कोंबड्या ज्या अंड्यांवर बसल्या त्यातलं एकही वाया गेलं नाही. पस्तीस वर्षं कोंबड्या पाळतेय, असं कधी झालं नव्हतं. शेळीला तीन करडं झाली. मधाच्या पेट्या आजीच्या पोकळ निघाल्या आणि आपल्या भरलेल्या. योगायोग असतात.

स्तोइनाआजी मात्र काठी टेकत फाटकाशी आली. "नेदेल्का, येत्या इग्नातला ती पोर माझ्याकडे पाठव."

"ती काय चाळणी आहे, मागितली आणि दिली?"

"अगं, तू तर तिला घालवायला निघालीस ना? गावभर सांगत फिरतेस."

"घालवीन नाहीतर ठेवीन. तुझ्याकडे पाठवणार नाही."

तेवढ्यानं झालं नाही. मागून मारिविक आली. ती हल्ली शेजारच्या गावच्या वृद्धाश्रमात कामाला जाते. म्हाताऱ्यांकडून भाषा शिकली, म्हणून शिव्या आधी आल्या. मी तिला हाक मारली, "ए, शेळ्या बांध." तर टोपली खाली ठेवून म्हणते, "माझं नाव 'ए' नाही. शेळ्यांना नावं आहेत, मला पण आहे. मारिविक. म्हणा."

आजी कान नसलेली, पण हे बरोबर ऐकलं. फाटकाला टेकून मजा बघत उभी.

मी म्हटलं, "माझ्याच अंगणात मला शिकवतेस?"

"अंगण अर्धं माझ्या नवऱ्याचं आहे. मी अर्ध्यात उभी आहे."

खरंच होती. भांडण चांगलं तासभर चाललं. भात, मासळी, सरपण, स्टूल, सगळं निघालं. तिच्यासारखं भांडणारं आई गेल्यापासून या घरात कुणी नव्हतं. शेवटी दोघींचा घसा बसला आणि शेळ्या पोरीनंच बांधल्या.

जूनमध्ये येतोस का? खरं सांग. तिनं तुझे शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवलेत. रोज दार उघडून बघते. मला बघवत नाही.

नेदेल्का

ड्रेनोवो, ९ ऑक्टोबर

कामेन,

एक ओळ लिहायला तुला वर्ष लागतं आणि आता चार पानं. चारही वाचली. पुन्हा वाचली, कारण वाटलं दुसऱ्याच कुणाच्या भावाचं पत्र चुकून इकडे आलं.

तू लिहितोस, "अक्का, तूच वर्षभर म्हणत होतीस, घेऊन जा. शेवटी तुझंच ऐकतोय." लिहितोस, दोघींची तिकिटं काढतो, तिला सांग नाताळासाठी माहेरी पाठवतोय, परतीचं नंतर बघू. लिहितोस, तळमजल्याला गिऱ्हाईक मिळालंय, रिकामा हवा. आणि मधेच, रॉटरडॅमला घर घेतलंय, उजेड छान आहे, पडदे फिकट पिवळे लावलेत.

तू आयुष्यात पडद्याकडे पाहिलं नाहीस, कामेन. आईच्या घरात कुठल्या रंगाचे होते सांग बघू. पुरुष पत्रात पडद्यांचा रंग लिहितो तेव्हा ते लावणारी शेजारी बसलेली असते.

माझ्या खांद्यावर बंदूक ठेवतोस? हो, मी म्हणाले होते. पुन्हा पुन्हा म्हणाले. नणंदेनं म्हणायचं असतं, आईच्या सासरी आत्या म्हणायची, तिच्या सासरी आणखी कुणी. म्हणून कुणाच्या नवऱ्यानं बायकोचं तिकीट काढलं नव्हतं. आणि मी लिहिलं होतं 'ये आणि घेऊन जा'. त्यातला 'ये' तुला दिसला नाही? तुझी माणसं तुझ्याजवळ ने म्हणत होते मी. फेकून दे म्हणत नव्हते. लाज सोडली असशील तर वाचायला तरी विसरू नकोस.

खोटं बोलायला मला सांगतोस. नऊ, नाही, आता दहा वर्षांच्या पोरीला सांगायचं की आजीकडे चाललीस, आणि तिनं तिचं दप्तर, मैत्रिणी, ती लाल पिसांची कोंबडी सगळं इथे ठेवून निघायचं, परत येणार म्हणून.

मी नाही सांगितलं. खरं ते सांगितलं. आम्ही अंगणात हिवाळ्यासाठी मिरच्या भाजत होतो, दोघींचे हात काळे. तुझं पत्र वाचून दाखवलं, पडद्यांसकट. मारिविक मिरची सोलत राहिली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "अक्का, तुम्हाला आम्ही जायला हव्या आहोत का?"

मी म्हणाले, मिरच्या जळतायत.

तिनं उलटल्या. मग म्हणाली, "मला जायचं असेल तर मी माझ्या पायांनी जाईन. माझ्या आईला माझ्या पैशांनी भेटायला जाईन आणि परत येईन. तो पाठवतो म्हणून जाणार नाही." आणि मग रडली. हात काळे, डोळे पुसता येईनात. मी माझ्या ॲप्रनच्या टोकानं पुसले. तेही काळंच होतं.

तिकिटं काढू नकोस. तुला हवं असेल ते इथे येऊन, तिच्या तोंडावर सांग.

नेदेल्का

ड्रेनोवो, २० डिसेंबर

कामेन,

काढलीसच.

आठ दिवसांपूर्वी तिकिटं आली तेव्हाच मी तारीख पाहिली. मारिविकला दाखवली नाही, तू कळवशील म्हणून थांबले, की अक्का, चूक झाली, दिवस बदलतो. कळवलं नाहीस. मग आम्ही कामाला लागलो. दोघींच्या खाटा, कपडे, तिचा तो भाताचा कुकर, सगळं जिन्यानं वर आणलं. मेतोदीनं मदत केली, रुसवा विसरून. तुझा तळमजला रिकामा आहे, झाडून ठेवलाय. तुझे शर्ट खिळ्याला आहेत. गिऱ्हाइकाला सांग, विहीर माझ्या बाजूला आहे आणि शेजारीण भांडकुदळ आहे. एक नाही, दोन.

आज उजाडायच्या वेळी तू पाठवलेला गाडीवाला आला. फाटकाबाहेर गाडी लावून भोंगा वाजवला. मी खिडकीतून म्हटलं, "काय हवंय?"

"सोफियाला न्यायचंय बाई, दोन माणसं. संध्याकाळचं विमान आहे."

"मग तिथे काय उभा? ये आत."

टोपी काढून म्हणतो, "आत कसा येऊ? आज इग्नात. तुमच्याकडे पाऊल पडलं का?"

"अजून नाही."

"मग मी इथेच बरा. माझा पायगुण बायकोला विचारा." आणि थंडीत हात चोळत उभा राहिला. कुठला कोण, पण आईनं वाढवलेला.

क्रिसेल आता वरच राहते, म्हणून ती मागच्या दारानं उतरली. यंदा बूट घालून. सरपण घेतलं आणि पुढच्या जिन्यानं वर आली. उंबऱ्याशी थांबली. "येऊ, आत्या?"

"ये."

विस्तव ढवळला. आता तिला सगळे शब्द येतात, कोकरं, पिल्लं, मध. मी शिकवलेत. तरी म्हणाली, "जितक्या ठिणग्या तितकं सगळं." मग स्टुलावर बसली आणि हाताची घडी घालून मला म्हणाली, "किती वेळ, ते आधी सांग." मारिविक हसली. मी अक्रोड फोडून दिले आणि म्हटलं, पुरे झालं, ऊठ. उठायच्या आधी तिनं माझा हात धरून कपाळाला लावला. मी काढून घेतला नाही. हातात अक्रोड होते.

मग गाडीवाल्याला आत बोलावलं. राकिया दिली, चीज भरलेली बानित्सा दिली. खाऊन तोंड पुसून म्हणाला, "सामान कुठंय? निघायला हवं."

मी म्हटलं, "आज या घरातून चिमूटभर मीठ बाहेर जात नाही. आणि तू दोन माणसं मागतोस?"

त्यानं मारिविककडे बघितलं, पोरीकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं. डोकं खाजवून एवढंच म्हणाला, "खरंय. पण बाई, ज्यानं गाडी सांगितली त्यानं दिवस आजचा कसा काय धरला? परदेशी आहे का कुणी?"

"हो," मी म्हणाले, "परदेशी आहे."

तो रिकाम्या गाडीनं परत गेला. पैसे तुझ्याकडून घेईल.

मारिविकच्या इथे राहायच्या परवान्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. वृद्धाश्रमवाले नोकरीचा कागद देतायत, पत्ता माझ्या मजल्याचा लावलाय, जानेवारीत मी तिच्याबरोबर विदिनला जाऊन सरकारी ऑफिसच्या खिडकीशी उभी राहणार आहे. गुडघे दुखले तरी. तुला लग्न मोडायचं असेल तर तोंड घेऊन ये. बुटांतली माती बाहेर झटक, आणि इग्नातला येऊ नकोस. त्या दिवसाचं पाऊल आमच्याकडे ठरलंय.

हे पत्रसुद्धा आज घराबाहेर जाणार नाही. उद्या टाकेन.

नेदेल्का